बत्तीस पगार

धाकट्या बहिणीने रविवारी एका संस्थेचं माहितीपत्रक टेबलावर ठेवलं तेव्हा मी जेवणाची ताटं उचलत होते. चकचकीत कागद, त्यावर पांढरा कोट घातलेली एक पोरगी दात काढून हसत होती, आणि तिच्या कानात स्टेथोस्कोप, तोही उलटा. टोकं पुढे वळलेली असावी लागतात, हिची मागे. ज्यांना फोटोपुरता स्टेथोस्कोप धड घालता येत नाही ते पोरांना दोन वर्षं काय शिकवणार, असं मी तिथल्या तिथे म्हणाले. बहीण म्हणाली, ताई, फोटो सोड, आत वाच आणि सांग, घालू का हिला?

हिला म्हणजे तिच्या लेकीला. अठरा वर्षांची आहे. लहानपणी एका जागी टेकायची नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायला लागले, ते अजून सुटलेलं नाही. भिंगरीला मेडिकल असिस्टंटची पदवी घ्यायची होती. ती टेबलाच्या कडेला नखं कुरतडत बसली होती आणि माझ्या तोंडाकडे बघत होती. मेहुणे लांब पल्ल्याच्या गाड्या चालवतात, महिन्यातले चार दिवस घरी. त्यांना फोनवर विचारलं तर म्हणाले, ताई म्हणतील तसं.

कारण या घरात दवाखान्यातलं काहीही निघालं की निकाल माझा. सोळा वर्षं मी एका डॉक्टरांकडे असिस्टंट आहे. वजन घ्यायचं, ब्लड प्रेशर बघायचं, रक्त काढायचं, ईसीजी काढायचा, ड्रेसिंगचा ट्रे लावायचा, फायली शोधायच्या, फोन घ्यायचे, आणि डॉक्टरांनी दोन मिनिटांत बाहेर काढलेल्या माणसाचं पाच मिनिटं ऐकून घ्यायचं. लोक मला सिस्टर म्हणतात. मी सिस्टर नाही. माझ्याकडे पदवीही नाही. एका म्हाताऱ्या कंपाउंडरने मला आठ महिन्यांत सगळं शिकवलं, रोज खेकसून. पण शीर न सापडणारा पेशंट आला की आसपासच्या दोन दवाखान्यांतून मला बोलावणं येतं, हे मी कुणालाही सांगू शकते.

मी फी वाचली आणि मनातल्या मनात भागाकार केला. ही माझी खोड आहे. मोठी रक्कम दिसली की मी तिला माझ्या पगाराने भागते. फ्रिज दीड पगाराचा, दाताचं काम दोन पगारांचं. ही पदवी बत्तीस पगारांची निघाली. बत्तीस महिने पोटाला फडकं बांधलं, भाडं दिलं नाही, साबणसुद्धा आणला नाही, तर एक पदवी.

मग पान उलटलं. खाली निळी चौकट होती आणि तिच्यात ठळक अक्षरांत लिहिलं होतं, आमच्या विद्यार्थ्यांचा सुरुवातीचा सरासरी पगार. पुढे आकडा. तो माझा पगार होता. जवळपासचा वगैरे नाही. शेवटचे सातशे चाळीस धरून, जसाच्या तसा माझा पगार.

तळपायाची आग मस्तकात गेली. सोळा वर्षं! सोळा वर्षं लोकांच्या उलट्या पुसल्या, शिव्या खाल्ल्या, आजारी असतानाही कामावर गेले, आणि जे मला आज मिळतं ते कालच्या पोरींना पहिल्या दिवशी? म्हणजे डॉक्टरांनी नवशिक्यांचा दर बघितला आणि मला बरोब्बर त्याच दरात बसवलं. वर दरवर्षी तोंड गोड करून म्हणायचं, तुमच्याशिवाय दवाखान्याचं पान हलत नाही, सिस्टर.

पण हे मी बोलले नाही. आमच्या घरात पगार कुणी कुणाला सांगत नाही, आई होती तेव्हापासूनची ही रीत. त्यातून मी थोरली. बहिणीला वाटायचं की पांढरा कोट आहे, डॉक्टरांकडे नोकरी आहे, म्हणजे ताईचं बक्कळ असणार. मीही तिला तसं वाटू दिलं. आता तिच्या लेकीसमोर कुठल्या तोंडाने सांगू की या चौकटीत जे सुरुवात म्हणून छापलंय, तिथे मी शेवटाला पोचलेय?

म्हणून मी रागाच्या भरात म्हणाले, घे ॲडमिशन. विचार कसला करतेस? एवढा पगार पहिल्याच दिवशी मिळत असेल तर हिने का सोडायचा?

भिंगरीने उठून माझ्या गळ्यात हात टाकले. बहिणीने डोळे पुसले. मग पैशाचं कसं करणार म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, गाळा विकते. बाजाराच्या गल्लीत तिचा शिवणकामाचा छोटा गाळा आहे, दोन मशिनी, एक ओव्हरलॉक आणि एक कापायचं टेबल मावेल एवढा. शेजारच्या मोबाईल दुरुस्तीवाल्याला तो केव्हापासून हवाय. गुरुवारी कागदावर सह्या, शुक्रवारी संस्थेत पैसे. मग घरी बसून शिवेन म्हणाली. घरी बसून निम्मंसुद्धा काम येत नाही हे तिला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. तरी मी म्हणाले, पोरीचं मार्गी लागतंय ना, मग झालं तर.

सोमवारी सकाळी मी ते माहितीपत्रक डॉक्टरांच्या टेबलावर आपटलं. पहिला पेशंट यायला दहा मिनिटं होती. निळ्या चौकटीवर बोट ठेवलं आणि म्हणाले की तीन वर्षं वाढ नाही, त्याआधी दिली ती मुंगीच्या पावलांनी, आणि आता कळतंय की मी अजून नवशिक्यांच्या दरात आहे. आणखीही बरंच बोलले. ते सगळं सांगत नाही, काही शब्द दवाखान्यात शोभणारे नव्हते.

डॉक्टर माणूस तसा वाईट नाही. कंजूष आहे, पण खोटा नाही. त्यांनी चष्मा वर सरकवून आकडा वाचला आणि हसायलाच लागले. म्हणाले, "सिस्टर, नव्या पोरीला एवढा पगार देणारा दवाखाना मला दाखवा. मीच तिथे अर्ज करतो."

मी म्हटलं, छापलंय की. ते म्हणाले, छापायला काय लागतं? वाढीचं पुढच्या वर्षी बघू. मग पुन्हा कागदाकडे बघून कपाळाला आठ्या घातल्या. "पण हे सातशे चाळीस त्यांच्याकडे कुठून आले? तुमचे सातशे चाळीस होतात ते कोटाच्या धुलाईचे वजा जाऊन. सगळीकडे काय तुमचाच कोट धुतात?"

तेवढ्यात पेशंट आला आणि ते कामाला लागले. मी बाहेर येऊन उभी राहिले. कोटाच्या धुलाईचे पैसे कापणारा दवाखाना अख्ख्या जगात आमचा एकच असेल. मग तो आकडा त्यांना दिला कुणी?

दुपारी दवाखाना बंद झाल्यावर मी कपाटातून प्रशिक्षणार्थींची फाईल काढली. त्या संस्थेची पोरंपोरी दरवर्षी आमच्याकडे सरावाला येतात, दोन-दोन महिने, फुकट. काम शिकवायला मी, आणि जाताना त्यांचे फॉर्म भरायलाही मीच. डॉक्टर म्हणतात, तुम्ही बघा ते. त्यांचा शिक्का माझ्याच खणात असतो.

पहिली मुलगी सहा वर्षांपूर्वी आली होती. तिच्या फॉर्मवर एक ओळ होती, प्रशिक्षणानंतर आस्थापनेत नोकरी मिळाली, होय किंवा नाही. मी नाहीवर खूण करायला गेले तर ती रडायला लागली. नाही लिहिलं तर प्रमाणपत्र अडवून ठेवतात म्हणाली, पुन्हा दोन महिने सराव करायला लावतात आणि त्याची वेगळी फी घेतात. मला तिची दया आली. पोरगी कामाची होती, कधी ना कधी कुठेतरी लागेलच, एका खुणेने कुणाचं काय बिघडतंय? मी होय केलं.

त्याच्या खाली पगाराचा रकाना होता. तो मोकळा सोडणं मला जमलं नाही. म्हाताऱ्या कंपाउंडरने मला पहिली गोष्ट शिकवली होती ती हीच, की रकाना मोकळा सोडायचा नाही. मोकळ्या रकान्यात उद्या कुणी काहीही भरतं आणि माणूस मरतो. औषधाच्या तक्त्यात ते खरंच आहे. माझ्या हाताला तीच सवय लागलेली. नव्या मुलीला काय पगार मिळतो ते मला ठाऊक नव्हतं. मला या कामाचा एकच पगार ठाऊक होता. तो मी लिहिला.

मग दुसरी आली, तिसरी आली. पुढची पोरं आधीच्यांकडून ऐकून यायची, सिस्टर होय करतात. फाईलमध्ये एकतीस फॉर्मच्या प्रती होत्या. एकतीस वेळा माझं अक्षर, डॉक्टरांचा शिक्का, होयवर खूण आणि रकान्यात माझा पगार. गेल्या तीन वर्षांतले सगळे सातशे चाळीसवाले. मी ते एकामागून एक उलटत गेले आणि स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. रक्ताच्या नळीवरचं नाव मी दोनदा तपासते. हे एकदाही वाचलं नव्हतं.

त्या एकतीस जणांत एक सगळ्यात हुशार होती, आम्ही तिला चष्मिस म्हणायचो. तिचा नंबर माझ्याकडे होता. फोन केला. मागे काचेच्या नळ्यांचा आवाज येत होता. एका लॅबमध्ये आहे म्हणाली, रक्त घ्यायच्या खिडकीवर. पगार विचारला. तिने सांगितला. माझ्या निम्म्यालाही पोचत नव्हता. आणि शेजारच्या खुर्चीवर बसते तिने सरकारी दवाखान्याचा दहा महिन्यांचा कोर्स केलाय, त्याची फी नावापुरती, आणि दोघींना पगार सारखाच. आईने पदवीसाठी काढलेलं कर्ज अजून चार वर्षं फिटायचं नाही, हेही तिने सांगितलं. रडगाणं गायली नाही, रिपोर्ट वाचावा तशी सांगत गेली.

मग म्हणाली, "सिस्टर, तुम्ही माझ्या फॉर्मवर पगार लिहिला होता ना, तेव्हा मला वाटलं तुम्ही मला ठेवून घेणार. महिनाभर मी फोनची वाट बघितली."

काहीतरी पुटपुटले आणि फोन ठेवला.

मंगळवारी अर्धा दिवस सुटी घेऊन मी संस्थेत गेले. काचेचं दार, गार हवा, भिंतीवर त्याच उलट्या स्टेथोस्कोपवालीचा दाराएवढा फोटो. टाय लावलेला एक समुपदेशक होता, त्याची जीभ मधात बुडवून काढलेली. पाणी विचारलं, खुर्ची सरकवली, मॅडम म्हणाला. मी विचारलं की हा सरासरी पगार काढलात कसा? तर म्हणाला, दवाखान्यांनी गेल्या तीन वर्षांत भरून दिलेल्या फॉर्मवरून. सगळ्या दवाखान्यांच्या? नाही, ज्यांनी पगाराचा रकाना भरला त्यांच्या. आणि असे दवाखाने किती?

तो गोड हसला. म्हणाला, बाकीचे लोक रकाना मोकळा सोडतात, काय करणार? तुमचा दवाखाना फार व्यवस्थित आहे, मॅडम.

म्हणजे सरासरी कुणाचीच नव्हती. मी एकटी होते. माझी सोळा वर्षं घेतली, त्यांच्यावर 'सुरुवात' असं लेबल चिकटवलं आणि चकचकीत कागदावर छापून लोकांच्या पोरी गोळा केल्या. आणि लेबल लावायला कागद मीच पुरवला होता. मी आवाज चढवला. हे खोटं आहे, एकालाही आमच्याकडे नोकरी लागलेली नाही, आजच्या आज ती चौकट काढा, असं ओरडले. बाहेर बाकावर बसलेले आईबाप माना वळवून बघायला लागले.

त्याने उठून दार लोटलं. आता त्याच्या तोंडातून मॅडम गेलं होतं. "फॉर्मवर सही तुमची आहे. शिक्का डॉक्टरांचा आहे. सहा वर्षं तुम्ही खोटं लिहून दिलंत असं म्हणायचंय का तुम्हाला? तसं लेखी द्या. मग आम्ही डॉक्टरांनाच पत्र पाठवतो, बघू ते काय म्हणतात." आजपर्यंत मी कुणाचं ऐकून घेतलेलं नाही, आणि त्या टायवाल्यासमोरून गप्प उठून आले. रस्त्यात आले तेव्हा रागाने डोळ्यांत पाणी होतं.

रात्री विचार केला की त्याच्याशी भांडायचंच कशाला. बहिणीला घालू नको एवढं सांगितलं की झालं. फॉर्मचं बोलायचं नाही, पगाराचं तर नाहीच. बुधवारी संध्याकाळी मी तिच्या गाळ्यावर गेले. दुसऱ्या दिवशी सह्या होत्या. बहीण मशिनवर होती, कुणाच्या तरी पडद्यांना किनार मारत होती. भिंगरी खोकी भरत होती, दोऱ्याची रिळं रंगांप्रमाणे लावून. एका बाजूची फळी रिकामीसुद्धा झाली होती.

मी सांगितलं की बेत बदला. चौकशी केली, संस्था बरोबर नाही, पगाराचा आकडा फुगवलेला आहे, सरकारी दवाखान्याचा दहा महिन्यांचा कोर्स आहे तो करा.

बहिणीने मशिन थांबवलं नाही. रविवारी तर घे म्हणालीस, असं म्हणाली. मोबाईलवाल्याकडून बयाणा घेतलाय, तो मोडून त्याला काय सांगू? तीन दिवसांत काय असं झालं? मी म्हणाले, झालं काहीतरी, माझ्यावर विश्वास नाही का? ती म्हणाली, विश्वास होता म्हणून तर गाळा विकतेय.

भिंगरी खोक्यावरून उठली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "मला कळलंय तुला काय झालं ते. सोळा वर्षं घासून तू जिथे आहेस, तिथे मी दोन वर्षांत येणार. ते तुला बघवत नाही, मावशी."

बहीण तिच्यावर ओरडली. माझा हात उठला होता, खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मी तिला मारलं असतं. पण मारून काय सांगणार होते? रविवारी मला जे झालं होतं ते नेमकं हेच होतं. पोरीने फक्त तीन दिवस उशिरा सांगितलं.

मी पिशवीतून फाईल काढून कापायच्या टेबलावर टाकली. म्हणाले, वाच. मग त्यातल्या एका रकान्यावर बोट ठेवून दोघींना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "हा माझा पगार आहे. आजचा. सोळा वर्षांनंतरचा. यांना नोकऱ्या लागल्या नव्हत्या, मी खोटी खूण केली. रकान्यात काय भरायचं ते कळलं नाही म्हणून स्वतःचा पगार भरला. तुमच्या त्या चौकटीत दुसरं कुणी नाही, मी आहे."

मशिन थांबलं. बहीण उठून आली, फॉर्म हातात घेतला, लांब धरून वाचला. तिला जवळचं दिसत नाही, चष्मा लावत नाही.

"एवढाच?" ती म्हणाली.

मी म्हटलं, एवढाच.

"ताई, कर, वीज, दोरे सगळं जाऊन मला याच्यापेक्षा जास्त सुटतात. गेल्या वर्षी एकही महिना असा गेला नाही की याच्या खाली आला."

तिथे स्टूल होतं म्हणून मी बसले. मी तिला कायम बिचारी समजत आले होते. भिंगरीची शाळेची फी तीन वर्षं मी भरली, हप्त्यांनी, स्वतःची औषधं पुढे ढकलून. तेही तिने घेतलं, कारण नाही म्हटलं तर ताईला वाईट वाटेल. तिने ते त्याच वेळी सांगितलं आणि मग ती भडकली. इतक्या वर्षांत मी तिला असं भडकलेलं पाहिलं नव्हतं. गाळ्यात जागा नाही, तरी ती टेबल आणि मशिनच्या मध्ये येरझारा घालत होती.

"एकदा सांगायचंस ना गं. एकदा. ही सात वर्षांची असल्यापासून मशिनला हात लावायला बघायची. मी हातावर चापट मारून हाकलायची. मावशीसारखी हो म्हणायची, माझ्यासारखी पाठ वाकवून बसू नको म्हणायची. अकरा वर्षं हाकललं मी हिला! आणि उद्या हाच गाळा विकून हिला तुझ्या पगारावर पोचवणार होते."

चूक माझी होती आणि राग दोघींचाही खरा होता. बहिणीने फोन उचलला, मोबाईलवाल्याला सांगितलं की गाळा विकायचा नाही, बयाणा सकाळी परत घेऊन जा. तो पलीकडून एवढा ओरडला की तिने फोन कानापासून हातभर लांब धरला. त्याचं संपेपर्यंत ती दुसऱ्या हाताने खोक्यातली रिळं परत फळीवर ठेवत राहिली.

भिंगरी फॉर्म वाचत होती. एकतीसच्या एकतीस. मला वाटलं, रडेल. नाही रडली. मला विचारलं, तो दहा महिन्यांचा कोर्स केला तर पगार किती? मी सांगितलं, याच्या निम्मा. पदवी केली तर? तेवढाच. सोळा वर्षांनी? मी म्हटलं, हा समोर आहे तो. मग तू सोडलं का नाहीस, असं तिने विचारलं. आता आवाजात कुत्सितपणा नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी म्हटलं, कारण मला ते येतं. चार जणांनी टोचून हात काळानिळा केलेला म्हातारा माझ्यासमोर बसतो, आणि मी एकदाच सुई घालते. तो म्हणतो, झालं पण? त्याच्यासाठी मी जाते. पण त्यावर कुणाचं पोट भरत नाही, आणि भरतं असं तुला कुणी सांगितलं तर त्याच्या कानाखाली वाजव.

ती थोडा वेळ फॉर्मच्या कडा सारख्या करत बसली. मग म्हणाली की ती दहा महिन्यांचाच कोर्स करेल, तिला हेच काम आवडतं, पण शनिवार-रविवार ती इथे मशिनवर बसणार आणि आईने चापट मारायची नाही. बहीण तोंड फिरवून दोरा ओवायला लागली. मग भिंगरी माझ्याकडे वळली. "आणि तू संस्थेला लेखी दे."

बहीण ओरडलीच, वेड लागलंय का, डॉक्टर हिला काढून टाकतील. या वयात, पदवी नाही, काही नाही, कोण घेणार? आपला गाळा वाचला ना, बाकीच्यांचं आपण कशाला ओढवून घ्यायचं? एका क्षणापूर्वी ती मला खाऊ की गिळू करत होती आणि आता माझ्यासाठी लेकीशी भांडत होती.

"पुढच्या रविवारी दुसरी कुणीतरी आईसमोर तो कागद ठेवेल," भिंगरी म्हणाली. "तिची मावशी दवाखान्यात नसेल. त्या चौकटीत तू असशील, मावशी."

बिलं करायचं पॅड होतं. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी लिहायला बसले. सहा वर्षं, एकतीस फॉर्म, नोकरी एकालाही नाही, शिक्का माझ्या हातात होता, डॉक्टरांना माहीत नव्हतं. नाव लिहिलं, सही केली. प्रत डॉक्टरांना, असंही खाली लिहिलं, म्हणजे त्या टायवाल्याने धमकी खरी करायच्या आधीच त्यांच्या हातात पडेल. भिंगरीने वाचलं आणि परत दिलं. पगाराचा आकडा टाक म्हणाली, नाहीतर हे दुसऱ्याच कशाबद्दल आहे असं म्हणून हात झटकतील.

बहिणीपर्यंत ठीक होतं. पण हा कागद आज ना उद्या बाहेर फुटणार, मग तो त्या बाकावर बसणारे आईबाप वाचणार, चष्मिस वाचणार, रक्त द्यायला येणारे माझे पेशंट वाचणार. सिस्टर, सिस्टर म्हणत ज्यांनी मान दिला ते सगळे. मी पेन धरून बसून राहिले. दोघींपैकी कुणीही घाई केली नाही.

मग मी माझा पगार लिहिला, आकड्यांत आणि अक्षरांत, सातशे चाळीससकट. पुढे लिहिलं की हा पगार सुरुवातीचा नाही, सोळा वर्षं काम केलेल्या बाईचा आहे, आणि ती बाई मी आहे. वाढ मागायला गेले तेव्हा डॉक्टर कसे हसले ते मी लिहिता लिहिता सांगितलं होतं; बहिणीने खांद्यावरून वाचलं आणि म्हणाली, ते हसले तेही लिही.

ते मी लिहिलं नाही. ते उद्या सकाळी, पहिला पेशंट आत जायच्या आधी, मी डॉक्टरांच्या तोंडावर बोलणार आहे.